प्लेग, उंबरठा आणि खरं सांगण्याची किंमत

शाळेत आपण प्लेगबद्दल जे शिकलो ते साधारण तीन ओळींत संपतं. पुण्यात प्लेग आला, रँडने जुलूम केला, चाफेकरांनी त्याला मारलं. मार्कही तेवढ्यालाच मिळायचे. पुढे त्यावर '२२ जून १८९७' नावाचा चांगला सिनेमासुद्धा निघाला. पण या तीन ओळींत घर कुठेच नाही. म्हणजे ज्या घरात प्लेग शिरला त्या घरात काय चाललं होतं? आजाऱ्याजवळ कोण बसत होतं? दारावर थाप पडली की घरातली माणसं एकमेकांकडे बघून काय ठरवत होती? २०२० आणि २०२१ ची ती दोन वर्षं घरात काढलेल्या आपल्या पिढीला तरी हा प्रश्न पडायला हवा.

तर आज त्या घराबद्दल.

सुरुवात मुंबईत होते. सप्टेंबर १८९६. मांडवी हा गोदीजवळचा भाग. धान्याची गोदामं, दाटीवाटीची घरं, आणि अर्थातच उंदीर. तिथल्या एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा साधा ताप नाही, हा गाठीचा प्लेग आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये हीच साथ होती. तिथून ती जहाजांबरोबर आली असं मानतात.

घरातल्या माणसांना मात्र डॉक्टरच्या आधी बातमी कळायची ती उंदराकडून. मराठीत त्यासाठी एक खास शब्दप्रयोग रुळला, 'उंदीर पडणे'. उंदीर दिवसाढवळ्या झिंगल्यासारखा बाहेर यायचा आणि माणसांच्या देखत मरून पडायचा. अमक्याच्या घरी उंदीर पडला, की आळीत कुजबुज सुरू. मग काही दिवसांत कुणाला तरी सणसणून ताप, काखेत किंवा जांघेत गाठ, आणि बऱ्याचदा आठवड्याच्या आत सगळं संपलेलं.

ज्यांना जमलं ते पळाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले असावेत, असे तेव्हाचे अंदाज आहेत. कोकणात, घाटावर, गुजरातेत, जिकडे ज्याचं गाव तिकडे. त्यांच्याबरोबर साथही गेली. पुण्याचा नंबर लागला तो असा.

आता सरकारची बाजू बघू. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. हा मूळ कायदा जरूर वाचा, फक्त चार कलमं आहेत. आपण न वाचताच 'आय अ‍ॅग्री' दाबतो ती लायसन्स अ‍ॅग्रीमेंटं याच्या पन्नासपट लांब असतात :) मतलब एवढाच की सरकार हवे ते तात्पुरते नियम करू शकतं, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. ज्याच्या घरात हा कायदा शिरणार त्याला बदल्यात काय मिळेल, याबद्दल ठोस असं काही नाही, भरपाईचा उल्लेख आहे तोही 'असेल तर' एवढाच.

याच काळात पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला आणि १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या. झडतीला गोरे सोल्जर होते. आता तुम्ही स्वतःला एका पेठेतल्या वाड्यात ठेवून बघा. माजघरात आजारी माणूस आहे आणि दारात सोल्जर उभे आहेत.

खरं सांगितलंत तर काय होईल? एक, आजारी माणसाला प्लेगच्या हॉस्पिटलात नेतील, आणि तिथून बहुतेक जण परत येत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. दोन, घरातल्या बाकीच्यांना गावाबाहेरच्या सेग्रिगेशन कँपमध्ये नेऊन ठेवतील, म्हणजे धंदा, मजुरी सगळं बंद. तीन, कपडे, अंथरुणं जाळतील, जमीन उकरतील, ऊन आत यावं म्हणून कौलं काढतील, भिंतींना चुना फासतील. चार, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून माणसं फिरतील. पाच, घरातल्या बायकांच्या काखेत, जांघेत गाठी आहेत का हे परकी माणसं बघतील.

आणि खोटं सांगितलंत तर? कदाचित काहीच होणार नाही. सोल्जर पुढच्या घरी जातील.

झालं! अशा हिशोबात माणूस काय निवडणार हे सांगायला इतिहासकार नको. आजारी माणसं माळ्यावर लपवली गेली, रातोरात दुसऱ्या गावी हलवली गेली, मृत्यूचं कारण भलतंच सांगितलं गेलं. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या दोन वर्षांत कळते. बग सांगणाऱ्याला जो मॅनेजर झापतो, त्याच्या टीमचा बग रिपोर्ट नेहमी स्वच्छ असतो आणि सॉफ्टवेअर मात्र गिऱ्हाइकाकडे जाऊन कोसळतं. प्लेग कमिटीने बरोबर हीच सिस्टिम बांधली होती. तिला माहिती हवी होती, पण माहिती देणाऱ्यालाच ती शिक्षा करत होती.

सोल्जरांच्या वागण्याबद्दल दोन टोकांची चित्रं मिळतात. रँडच्या स्वतःच्या रिपोर्टात तक्रारी बहुतेक खोट्या आहेत असा सूर आहे. तेव्हाच्या देशी वर्तमानपत्रांत मात्र अपमान, मोडतोड, चोऱ्या यांच्या तक्रारींवर तक्रारी आहेत. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये असताना बायकांवरच्या अत्याचारांचा आरोप जाहीरपणे केला, आणि परत आल्यावर पुरावा देता येईना म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. यात एक गोष्ट विसरू नका. अब्रू जाईल या भीतीने जे घर आजार लपवतं, ते घर साक्ष द्यायला पुढे कसं येईल? पुरावा नसणं हासुद्धा त्याच उंबरठ्याचा परिणाम होता.

आणि एवढं करून ही झडती शास्त्राच्या दृष्टीने तरी बरोबर होती का? तर तिथेही घोळ होता. जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो पसरतो कसा हे १८९७ मध्ये माहीत नव्हतं. घाण, ओल, अंधार, कोंदट हवा यांवर सगळा राग होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. उंदीर मरतो, अंग गार पडतं, पिसवा दुसरं गरम अंग शोधतात, आणि ते माणसाचं असतं. बरीच वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईतल्या संशोधनाने ते पक्कं झालं.

म्हणजे गंमत बघा. 'उंदीर पडला की घर सोडा' हा अडाणी समजला गेलेला नियम रोगाच्या खऱ्या वाटेच्या जास्त जवळ होता. चुना फासणाऱ्या कमिटीपेक्षा आळीतल्या म्हातारीकडे चांगला डेटा होता. फक्त तिला विचारायला कुणी गेलं नाही.

म्हणून लोकांचं सगळं बरोबर आणि सरकारचं सगळं चूक, असं म्हणायचं नाहीये. शहर सोडून पळणाऱ्यांनीच साथ गावोगाव नेली. आणि पळण्याची सोय सगळ्यांना नव्हती. मुंबईत संडास आणि रस्ते साफ करणारे हलालखोर निघून गेले तर शहर एका आठवड्यात राहण्यालायक उरणार नाही, ही म्युनिसिपल कमिशनर स्नो यांची सगळ्यात मोठी धास्ती होती. १८९६ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत सक्तीचे नियम सैल करण्यात आले, त्यामागे हे एक कारण होतं. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, हे दुसरं. ज्यांच्या जिवावर शहर उभं आहे त्यांची आठवण संकटातच येते, हे आपण नंतरही पाहिलं.

याच दिवसांत उंबरठ्याबद्दल वेगळा विचार करणारी माणसंही होती. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता आणि हडपसरच्या बाजूला त्याचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडच्या झडत्या सुरू व्हायच्या आधी तीन दिवस. आजारी माणसाला घरातून बाहेर काढून दवाखान्यात न्यायचं, काम तेच. पण नेणारं कोण आहे यावर केवढा फरक पडतो! टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल काढलं त्यामागेही हाच व्यवहार होता. आपल्या ओळखीचे लोक तिथे आहेत म्हटल्यावर माणूस आपल्या आईला तिथे ठेवायला तयार होतो.

२२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी चालली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण सरकारला आणखी धडा मिळाला तो ९ मार्च १८९८ ला मुंबईत. एका मुस्लिम विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासायला पथक गेलं, घरच्यांनी नकार दिला आणि दंगल पेटली. त्यानंतर सक्ती हळूहळू उतरत गेली. जातीजमातींची आपापली हॉस्पिटलं, गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहणं, आणि मर्जीने लस, यावर भर आला. लस हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. आगाखानांनी आपल्या माणसांसमोर ती टोचून घेतली आणि खोजा समाजात हजारोंनी ती घेतली. भाषणांपेक्षा हे चाललं. उलट १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष एका बाटलीचा होता, पण लसीवरच्या विश्वासाला मोठा धक्का बसला. भरवसा कमवायला वर्षं लागतात आणि जायला एक बाटली पुरते.

या प्लेगने आपली घरंसुद्धा बदलली. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हिंगण्याच्या माळावर गेला त्यात प्लेगचा मोठा हात होता. १९०० मध्ये तिथे पहिली झोपडी उभी राहिली. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने गर्दीतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि बीआयटी चाळी बांधल्या. दादरला मोकळ्या गल्लीत राहणाऱ्या मंडळींनी त्या मांडवीच्या उंदराचे थोडे आभार मानायला हरकत नाही.

आता २०२०. मार्चमध्ये महाराष्ट्राने जो कायदा लावला तो तोच, १८९७ चा. १६ मार्चला होम क्वारंटाइनच्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारायचं ठरलं. दारांवर पोस्टरं लागली. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या फ्लॅटमध्ये 'केस' आहे याची चौकशी सुरू झाली, नर्सबाईंना घर खाली करा म्हणणारे मालक निघाले. आणि मग बरोब्बर जे व्हायचं तेच झालं. लोक खोकला दाबू लागले, टेस्ट टाळू लागले. शेवटी ९ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या दारावर पोस्टर लावू नका. १८९७ मध्ये झडतीला सोल्जर लागत होते. या वेळी ते काम आपण शेजाऱ्यांनी फुकटात केलं.

पण त्याच मुंबईत धारावीही होती. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं. पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला, आणि आता काही खरं नाही असं सगळे म्हणत होते. तिथेही पथकं दारोदार गेली, लोकांना घरातून काढून शाळांत, हॉलमध्ये नेलं. वरवर पाहिलं तर रँडचंच काम. फरक हा की सुरुवातीच्या तपासण्यांत तिथलेच खाजगी डॉक्टर होते, ज्यांच्याकडे ती घरं वर्षानुवर्षं तापाच्या गोळ्या घ्यायला जात होती. आणि क्वारंटाइनमध्ये जेवण, औषध मिळत होतं. खरं सांगितल्यावर काही गमावण्याऐवजी काहीतरी मिळत होतं. जुलैपर्यंत तिथले आकडे उतरले.

कायदा तोच, शहर तेच, दार ठोठावणंही तेच. बदलली ती फक्त खरं सांगण्याची किंमत. ती उतरली की लोक बोलतात, वाढली की रुग्ण माळ्यावर जातो. पुढची साथ कधी येईल ते येईल. पण आपल्या मजल्यावरच्या एखाद्या घराला ताप आल्याचं कळलं तर आधी ग्रुपवर टाकायचं की दाराबाहेर डबा ठेवायचा, एवढं आपल्याला आजही ठरवता येईल.