कशावरून? वर्गातल्या इतिहासाची साधने

मागच्या काही व्याख्यानांत आपण इतिहास म्हणजे काय, यावर बोललो. त्यानंतर बरेच शिक्षक विचारतात, "हे सगळं ठीक आहे, पण सहावीच्या वर्गात उद्या सकाळी करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचा विषय व्यवहारातला घेतला आहे: आपल्या राज्याचा इतिहास शिकवताना मुलांच्या हातात काय द्यावे?

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठीत 'साधन' हा शब्द दोन ठिकाणी येतो. शिक्षक 'शैक्षणिक साधने' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तक्ते, नकाशे, प्रतिकृती असतात. इतिहासकार 'इतिहासाची साधने' म्हणतो तेव्हा त्याला कागदपत्रे, नाणी, शिलालेख, खापरे अभिप्रेत असतात. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले, ते या दुसऱ्या अर्थाने. आमचे आजचे म्हणणे एवढेच, की वर्गात हे दोन अर्थ एक झाले पाहिजेत. शिकवण्याचे साधन हे पुराव्याचेही साधन असावे.

असे का? आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा थोडे न्यायशास्त्र सहन करा. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. पाठ्यपुस्तक हे शब्दप्रमाण. त्यात वाईट काही नाही, आपले बहुतेक ज्ञान तसेच येते. पण इतिहासकार स्वतः मात्र शब्दावर थांबत नाही. भूतकाळ प्रत्यक्ष दिसत नाही, म्हणून त्याला धुरावरून अग्नी ओळखावा लागतो. इतिहास हे मुख्यतः अनुमानाचे शास्त्र आहे. आणि आपण ते मुलांना शिकवतो कसे? तर नुसत्या शब्दाने! अग्नी आहे असे पाठ करून घेतो, धूर कधी दाखवतच नाही.

आता धूर कुठे आहे ते बघू.

पहिले उदाहरण वीरगळाचे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत देवळापाशी, वेशीपाशी हा दगड उभा असतो. त्यावर एकावर एक चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. तळाला लढाई किंवा पडलेला वीर असतो. काही ठिकाणी तिथेच गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गोधनासाठी झालेली झुंज. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. चंद्रसूर्यही पुष्कळदा असतात, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो.

मुलांना तिथे न्यावे आणि काही सांगू नये. फक्त विचारावे: हा माणूस पायी होता की घोड्यावर? हातात काय आहे? कशासाठी लढला असेल? आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच शब्द, "कशावरून?" झिजलेले कोरीवकाम दिसत नसेल तर ऊन तिरपे असताना जावे किंवा बॅटरीचा झोत बाजूने टाकावा. सावल्या पडल्या की रेषा उठून दिसतात. खडूची पूड फासू नये, दगड हलवून शाळेत आणू नये. साधन जागेवर असते तेव्हाच त्याला अर्थ असतो.

बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ पाहा. त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. अभ्यासकांनी असे अनुमान केले, की ती शिलाहार आणि यादव यांच्यातली लढाई असावी. या 'असावी'कडे लक्ष द्या. जहाजे 'आहेत', हे डोळ्यांनी दिसते. कोणाची, हे 'असावी'. मुलाला 'आहे' आणि 'असावे' यांतला फरक कळला, की आमच्या मते निम्मा इतिहास शिकवून झाला.

दुसरे उदाहरण खापराचे. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथे एक पाच खोल्यांचे मोठे घर सापडले, शेजारी धान्याचे कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात पुरलेला एक माणूस. तो कोण असेल? गावाचा प्रमुख असावा, असे म्हणतात. कशावरून? घराचा आकार, कोठाराची जवळीक, दफनाची वेगळी रीत, या तीन गोष्टींवरून. कुठेही नाव लिहिलेले नाही.

हे वर्गात आणायला खर्च फारसा नाही. एक लाकडी खोके घ्या. तळाला फुटक्या मडक्याचे तुकडे आणि चार ज्वारीचे दाणे, वर माती. त्यावर जुना आण्याचा तुकडा, पुन्हा माती. सर्वांत वर बिस्किटाच्या पुड्याचा कागद. मुलांनी चमच्याने आणि ब्रशने एकेक थर काढावा आणि काय कुठे मिळाले ते वहीत लिहावे. खालचे आधीचे, वरचे नंतरचे, हे त्यांना न सांगता कळते. मग एका गटाचे खोके मुद्दाम ढवळून द्या. थर मोडले की वस्तू हातात असूनही इतिहास गेला, हे कळायला त्याहून चांगला धडा नाही.

तिसरे साधन कागद. मोडी लिपीतल्या कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली दप्तरे, पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. मुलांना मोडी पूर्ण यायला हवी असे नाही. पण एक खेळ करून बघा. वर्गातल्या चारच मुलांना मोडीची दहाबारा अक्षरे शिकवा. मग त्यांनी एक कर्जरोखा लिहावा आणि बाकीच्यांनी न वाचता खाली अंगठा उठवावा. मग रोखा मोठ्याने वाचा.

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगे पुढे पुणे-अहमदनगर भागात पसरले. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? माणसांपेक्षा कागदांवर. रोखे, खतपत्रे हिसकावून जाळली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये कायदा करावा लागला. पुस्तकात हे दोन ओळींत येते. पण ज्याने न वाचता अंगठा दिला आहे, त्याला कागद का जाळले हे समजावून सांगावे लागत नाही.

चौथे, किल्ला. दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले करतात. मावळे मांडतात, अळीव पेरतात. इतके सुंदर हातचे साधन दुसऱ्या कुठल्या राज्याकडे असेल असे वाटत नाही. फक्त त्याला एक प्रश्न जोडायचा: पाणी कुठे आहे? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, असा आग्रह आहे. पाणी नसेल आणि स्थळ सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी करावीत. मुलांना सांगा, आपल्या किल्ल्यावर शंभर माणसे चार महिने राहणार आहेत. पाणी, धान्य, दारूगोळा, पहारा, सगळे दाखवा. मग मावळ्यांबरोबर टाकी खोदणारा पाथरवट आणि धान्य दळणारी बाईही किल्ल्यावर येते. ती आधीही होतीच, आपल्या मातीच्या किल्ल्यात नव्हती.

शेवटचे साधन नकाशा, आणि इथे 'राज्याचा इतिहास' या शब्दाचीच परीक्षा आहे. पारदर्शक कागदावर तीन नकाशे काढून घ्या. पहिला 1947 चा: मुंबई प्रांत, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजामाचे हैदराबाद, मध्येमध्ये संस्थाने. दुसरा 1 नोव्हेंबर 1956 नंतरचा, द्विभाषिक मुंबई राज्याचा. तिसरा 1 मे 1960 चा, 26 जिल्ह्यांचा. एकावर एक ठेवा. आज 36 जिल्हे आहेत, तोही चौथा कागद करता येईल.

मग प्रत्येक मुलाने आपले गाव टोचून बघावे. लातूरच्या मुलाच्या पणजोबांचा जमिनीचा कागद उर्दूत असू शकतो, आणि त्यांच्या खिशातला रुपया 'हाली' होता. त्यांचे स्वातंत्र्य 17 सप्टेंबर 1948 ला आले. नागपूरच्या मुलाचे शहर तेव्हा वेगळ्याच प्रांताची राजधानी होते. घरातल्या पेटीत शोधायला सांगा: शाळेचा जुना दाखला, पायली-शेराची मापे, भोकाचा पैसा. एका वर्गात चार इतिहास निघतात आणि चारही महाराष्ट्राचेच असतात.

आता एक धोक्याची सूचना. हल्ली तयार पेट्या मिळतात: शिवराईची प्रतिकृती, किल्ल्याचे पुठ्ठे, सोबत उत्तरांची पुस्तिका. पेटीत वाईट काही नाही. पण नाणे हातात दिले आणि "यावरून काय सिद्ध होते ते पाठ करा" म्हटले, तर नाणे हाही एक तक्ताच झाला. साधन ते, ज्याच्यामुळे मूल आपल्याला निरुत्तर करू शकते. तशी तयारी शिक्षकाने ठेवावी.

आणि घाई का, तेही सांगतो. देवळांचे जीर्णोद्धार चालू आहेत. वीरगळ पायरीला लागतात, नाहीतर त्यांना ऑइलपेंट बसतो. वाड्यांबरोबर मोडी कागद रद्दीत जातात. ज्या मुलांनी दगड वाचला, ती मुले गावात तो राखतात. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्याकडे इतिहासावरून माणसे फार लवकर पेटतात. मोबाइलवर रोज नवा 'खरा इतिहास' येतो. त्याला उत्तर म्हणून दुसरा तयार इतिहास पाठवून काही साधत नाही. ज्याने दहाव्या वर्षी 'आहे' आणि 'असावे' वेगळे केले, तो पंचविसाव्या वर्षी दगड उचलण्याआधी निदान विचारील, "कशावरून?"

तेव्हा शिक्षकमित्रांनो, या सत्रात एकच करा. गावातला एक दगड, एक कागद किंवा एक माप निवडा, आणि एक तास स्वतः कमी बोला. काय घडले ते आम्हाला जरूर कळवा.