हबल डीप फील्ड

हबल अवकाश दुर्बिणीने टिपलेले अतिदूरच्या दीर्घिकांचे छायाचित्र. १८ ते २८ डिसेंबर १९९५ या काळात सप्तर्षी तारकासमूहातील एका चिमुकल्या, रिकाम्या भासणाऱ्या भागावर दुर्बीण रोखून घेतलेली ३४२ छायाचित्रे जुळवून ते तयार करण्यात आले. स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचे तत्कालीन संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अखत्यारीतील निरीक्षणकाळ यासाठी दिला. हाती फारसे काही लागणार नाही, असे काही नामवंत खगोलज्ञांचे मत असताना घेतलेला हा निर्णय खरोखर धाडसाचा. निरीक्षणे लगोलग सर्वांना खुली केली गेली, हेही तितकेच मोलाचे.

या चित्रात सुमारे ३,००० दीर्घिका आढळल्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किमी. असल्याने दूरची वस्तू आपल्याला, तिच्यापासून प्रकाश निघाला त्या वेळच्या रूपात दिसते. या दीर्घिकांपैकी काहींचा प्रकाश १० अब्ज वर्षांहून अधिक काळ वाटचाल करत आला आहे. त्यामुळे निरनिराळ्या युगांतील दीर्घिका एकाच चित्रात शेजारी शेजारी दिसतात. प्राचीन दीर्घिकांपैकी अनेक लहान व वेड्यावाकड्या आहेत. आज परिचित असलेले सर्पिल वा लंबवर्तुळाकार रूप दीर्घिकांना कालांतराने लाभले, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा होय.

विश्वाच्या प्रसरणाने अतिदूरच्या प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाऊन तो अवरक्त पट्ट्यात सरकतो. तो टिपणारी, ६.५ मी. व्यासाच्या आरशाची जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडण्यात आली. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आत अस्तित्वात असलेल्या दीर्घिकाही तिने दाखवल्या आहेत.