डूम अजून चालतो : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

'डूम' हा संगणकावरचा खेळ खेळताना राक्षसाचा वार किती लागणार, आपली गोळी नेमकी कुठे जाणार, हे सगळे दैवाधीन वाटते. प्रत्यक्षात त्यामागे २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. खेळ तो ओळीने वाचत जातो आणि शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्या आकड्याकडे येतो. यातून एक मोठी सोय झाली. खेळलेला डाव जपून ठेवायला चित्रफितीची गरज उरली नाही. खेळाडू पुढे गेला की मागे, वळला किती, गोळी झाडली का, दार उघडले का, एवढे सेकंदाला ३५ वेळा टिपले की भागते. मिनिटभराच्या खेळाला साडेआठ किलोबाइटसुद्धा लागत नाहीत. या नोंदीला खेळाडू 'डेमो' म्हणतात. १९९४ मध्ये कुणी तरी टिपलेला डेमो आज त्याच आवृत्तीत चालवला, तर तो डाव पावलागणिक तसाच घडतो. राक्षस त्याच जागी मरतो, चुकलेली गोळी त्याच भिंतीवर आदळते.

जुन्या फर्स्ट पर्सन शूटर खेळांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याने आधी हा तपशील मनात धरावा. स्मरणरंजन बहुधा परत न मिळणाऱ्या गोष्टींचे असते: पाडलेला वाडा, बंद पडलेली गिरणी. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे या हुरहुरीवर पहिला प्रबंध लिहिला. त्याने तिला आजार मानले आणि रोग्याला घरी परत पाठवणे हा त्यावरचा इलाज सांगितला. आपल्या विषयात घराचे दार कधीही उघडता येते. खेळ चालतो, राक्षस जागच्या जागी आहेत, संगीत तेच आहे. तरी चाळिशीतला माणूस अर्ध्या तासात तो बंद करतो आणि काहीसा खट्टू होतो. मग हुरहूर होती ती कशाची? हे क्षेत्र माझ्या मते याच प्रश्नावर उभे आहे.

इतिहासाचा आरंभ १९७३-७४ च्या सुमारास, 'मेझ वॉर'पासून धरायची प्रथा आहे. नासाच्या एम्स केंद्रात इम्लॅक संगणकांवर लिहिलेल्या या खेळात चक्रव्यूहातून फिरत एकमेकांना टिपायचे असे. मात्र ज्याची आठवण लोक काढतात तो काळ मे १९९२ मध्ये 'वोल्फेनस्टाइन थ्रीडी'ने सुरू होतो आणि १० डिसेंबर १९९३ ला 'डूम'ने भरात येतो. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो त्या दिवशी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. पहिला भाग, म्हणजे नऊ लेव्हल, फुकट होता आणि तो कुणीही कुणालाही द्यावा अशी मुभा होती. पुढचे दोन भाग हवे असतील तर पैसे भरायचे. हीच शेअरवेअरची रीत.

इडच्या जॉन कारमॅकच्या प्रोग्रामिंगबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. जागेचे दोन-दोन तुकडे करत जाऊन भिंतींचा क्रम आधीच लावून ठेवण्याची बीएसपी पद्धत त्याने शोधलेली नाही. ती १९८० च्या एका शोधनिबंधातून आली होती. त्याने ती घरगुती ३८६ यंत्रावर पळवून दाखवली, हे श्रेय त्याचे. पण अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा निर्णय वेगळाच होता. 'वोल्फेनस्टाइन'च्या फाइलींत खेळाडूंनी परस्पर खटपटी करून नवी चित्रे, नव्या लेव्हल घुसवल्या होत्या. एखाद्या कंपनीने यावर कुलूप घातले असते. इडने उलटे केले. 'डूम'मध्ये इंजिन एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज यांची 'वॅड' फाइल दुसऱ्या बाजूला ठेवली. ग्रामोफोन तोच, तबकडी हवी ती लावा. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये इंजिनाचा सोर्स कोडही खुला झाला. आज 'डूम' नाना यंत्रांवर चालतो तो यामुळे, आणि लोकांनी रचलेल्या लेव्हल हजारोंनी जमल्या आहेत त्याही यामुळेच. इथला आठवणीत रमलेला माणूस पुष्कळदा कारागीरही असतो, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

त्या इंजिनाच्या मर्यादांवरही थोडे थांबले पाहिजे. 'डूम'मध्ये एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नाही. वर-खाली पाहता येत नाही. शत्रू उंचावर असला तरी सरळ नेम धरला की गोळी आपोआप त्याच्यापर्यंत चढते. एवढ्या अडचणीत इडच्याच जॉन रोमेरोने पहिल्या भागाच्या बहुतेक लेव्हल रचल्या, त्या जमिनीची उंची बदलत, उजेड आणि काळोख शेजारी ठेवत, खिडकीतून बाहेरचे अंगण दाखवत. ते अंगण आधी दिसते, तिथे जायची वाट मात्र नंतर, बहुधा गुप्त दारातून, सापडते. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याला यात शिकण्यासारखे खूप आहे, आणि हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही.

'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'ने १९९६ मध्ये ओळखीचे रस्ते आणि सिनेमागृह आणले. त्याच वर्षी जूनमध्ये इडचा 'क्वेक' आला आणि जग खरोखर तीन मितींचे झाले. 'क्वेक'चा अभ्यास करायचा तर चालीचा करावा. पायाशी रॉकेट फोडून त्याच्या धक्क्याने उंच उडायचे, हवेत वळता वळता वेग वाढवायचा, असली कसबे खेळाडूंनी शोधून काढली. हवेतल्या वेगाच्या हिशेबात एक फट राहून गेली होती; तिचे पुढे कौशल्यात रूपांतर झाले आणि त्यावर स्पर्धा लढवल्या गेल्या. या खेळांवरून नैतिक गदारोळही बराच झाला. जर्मनीत 'डूम' १९९४ पासून २०११ पर्यंत अल्पवयीनांसाठी निषिद्ध यादीत होता. त्या वादावर स्वतंत्र ग्रंथ होईल, म्हणून इथे एवढेच पुरे.

आपल्याकडचा कालक्रम निराळा आहे. पुण्या-मुंबईत किंवा सांगली-नाशकात जो मुलगा २००० नंतर संगणकासमोर बसला, त्याचा 'क्लासिक' सहसा 'डूम' नसतो. तो 'आयजीआय' असतो, नाही तर 'काउंटर-स्ट्राइक'. ओस्लोच्या इनरलूप स्टुडिओचा 'प्रोजेक्ट आयजीआय' २००० मध्ये आला. त्याचे इंजिन मुळात लढाऊ विमानाच्या खेळासाठी बनवलेले, म्हणून त्यात डोंगरउतार आणि लांबवर पसरलेले लष्करी तळ होते. मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोय नव्हती. शेवटच्या कुंपणाशी मेलात तरी पहिल्यापासून सुरुवात. पाश्चात्त्य समीक्षकांनी याला दोष मानले. इथे मात्र एका यंत्राभोवती चौघे बसले असताना मेला की खुर्ची सोडायची हा नियम त्यातूनच आपसूक निघाला. खेळाचा दोष आणि यंत्रांची टंचाई एकमेकांना अशी पूरक ठरली.

'काउंटर-स्ट्राइक' मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या खेळात बदल करून रचलेले मॉड म्हणून सुरू केले, आणि 'हाफ-लाइफ'चे इंजिन 'क्वेक'च्या इंजिनावरून बेतलेले होते. तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर किंवा सायबर कॅफेत 'डस्ट टू' या नकाशात उड्या मारत पळणारा मुलगा ज्या चालीने वेग घेत होता, ती टेक्सासहून आलेली होती. त्याला ते ठाऊक असायचे कारण नाही. तो ओळखायचा ती कॅफेतली तिसऱ्या नंबरची मशीन, तिचा चिकट माउस आणि पाठमोऱ्या बसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा खांदा. लॅनवर खेळताना शत्रूची शिवी स्पीकरमधून येत नसे, पलीकडच्या पार्टिशनवरून येई. डेमो फाइलीत यातले काहीच उतरत नाही. तिने बटणे टिपली, माणसे टिपली नाहीत.

स्मरणरंजनाच्या बाजारपेठेकडे म्हणूनच थोडे सावध होऊन पाहावे. २०१८ चा 'डस्क' किंवा जुन्या बिल्ड इंजिनावर रचलेला २०१९ चा 'आयन फ्युरी' हे खेळ उत्तम आहेत, मी ते आवडीने खेळतो. पण 'आम्ही तुम्हाला १९९६ परत देतो' अशा थाटाची त्यांची जाहिरात पटण्यासारखी नाही. त्या काळी ३८६ वर 'डूम' अडखळत चाले. चित्र धावते ठेवण्यासाठी पडदा लहान करून, जाड चौकटीच्या आत खेळावे लागे. पुष्कळ जण माउसला हातही न लावता खेळत. नव्या 'रेट्रो' खेळांत हे काही नसते. त्यांतला वेग आपल्याला आठवतो तेवढा आहे, आपण अनुभवला तेवढा नाही. याउलट मार्च २०२३ मधली 'मायहाउस' ही वॅड पाहावी. वरवर ती कुणा हौशी माणसाने आपल्या घराचा केलेला साधासुधा नकाशा वाटते. नव्वदीच्या दशकात असे शेकड्यांनी नकाशे केले गेले. मग हळूहळू तेच घर बदलू लागते, खोल्या जुळेनाशा होतात, बाहेर पडायची वाट परत आतच नेते. आठवणीत राहायला गेलेल्या माणसाचे काय होते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा निबंध माझ्या वाचनात नाही.

जतनाचा प्रश्न तातडीचा आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. 'डूम' या बाबतीत भाग्यवान अपवाद आहे, आणि अपवादावरून क्षेत्राचा अंदाज बांधू नये.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? 'डूम'चा शेअरवेअर भाग आजही फुकट मिळतो. तो आधी सुधारित आवृत्तीत खेळा. मग जुने डॉस यंत्र भासवणाऱ्या डॉसबॉक्सवर, पडदा लहान करून, निव्वळ कीबोर्डने खेळा. दोन्हींत बोटांना काय वेगळे लागते ते लिहून ठेवा. त्यानंतर एखाद्या एडिटरमध्ये पहिली लेव्हल उघडून एक भिंत हलवून बघा. इंग्रजीत डेव्हिड कुशनरचे इडवरचे पुस्तक आणि फाबियन सांग्लारचे इंजिनावरचे पुस्तक ही दोन्ही वाचनीय आहेत, पण ती हाताने काही केल्यावर.

आणि मराठीत करायचे काम निराळेच आहे. जो कोणी २००३ च्या आसपास हॉस्टेलवर होता त्याला विचारा. ताशी भाव काय होता, सीडी कुणाची होती आणि ती किती जणांत फिरली, सर्व्हर कुणाच्या खोलीत चाले, मुली खेळत का, आणि नसतील तर का नाही, रेक्टर आले की कोणती खिडकी पुढे आणायची. उत्तरे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि तो हेडशॉटला काय म्हणत असे तेही.