खाडा धरणारी खानावळ

सोलापुरात जुनी मिल 1877 साली सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि एकटे राहणारे कामगार घरगुती खानावळींत जेवू लागले. माझी आजी अशीच खानावळ चालवायची. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी. पैसे पगार झाल्यावर. वहीत प्रत्येक मेंबरचं पान असे आणि त्यावर खाडे मांडलेले. गावी जायचं आदल्या दिवशी सांगितलं, की तेवढ्या वेळांचे पैसे ती कापायची. न खाल्लेल्या भाकरीचे पैसे घेणं तिला पटतच नसे.

हॉटेलच्या नावाचं क्रेडिट कार्ड मी याच हिशेबानं तपासते. मॅरियट हॉटेलांची बॉन्व्हॉय पॉइंट-योजना आणि एचडीएफसी बँक यांचं कार्ड 2023 साली आलं तेव्हा वर्षाची फी 3,000 रुपये अधिक जीएसटी, आणि बदल्यात रात्रीला 15,000 पॉइंटांपर्यंत लागणाऱ्या हॉटेलात एक रात्र मोफत. महागड्या शहरात ती वापरली तर फी सहज भरून निघते. मुदतीत वापरली नाही तर बुडते. इथे खाडा नाही. शिवाय बिल थकलं की व्याज. कामासाठी सतत बाहेर राहणाऱ्यानंच ते घ्यावं.

आजीच्या उधारीला व्याज नव्हतं, त्याची किंमत तिनंच सोसली. संपात मेंबरांचे पगार थांबत, वाण्याचं बिल थांबत नसे. मुंबईच्या गिरणगावात अशाच खानावळवाल्या बायकांना सावकारापासून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. आजीला तसं कर्ज मिळालं नाही. तिनं पाटल्या मोडल्या आणि वाण्याचं देणं फेडलं.