रोजचे ख्रिस्ती शास्त्रवाचन : आज कोणता उतारा वाचायचा, हे कोण ठरवते?

यवतमाळ–अमरावती रस्त्यावरच्या नेरमध्ये एखाद्या कॅथलिक घरात सकाळी शुभवर्तमानाचा जो उतारा वाचला जातो, सहसा तोच उतारा त्या दिवशी वसईत, गोव्यात आणि रोममध्येही वाचलेला असतो. शेजारच्या प्रोटेस्टंट घरात मात्र वेगळाच अध्याय उघडलेला असू शकतो. दोन्ही घरांत प्रार्थना रोजचीच असते, पण उतारा निवडण्याची पद्धत वेगळी असते.

कॅथलिक वाचनक्रम

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला. रविवारसाठी तीन वर्षांचे चक्र आहे : 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः पुनरुत्थानकाळात येते. चालू वर्ष कोणते, हे ओळखायला सोपी खूण आहे. सनाला ३ ने पूर्ण भाग गेला की ते 'क' वर्ष. २०२५ हे तसे होते. फक्त उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते नाताळापूर्वीच्या आगमनकाळापासून सुरू होते. म्हणून २०२५ च्या ३० नोव्हेंबरलाच 'अ' वर्ष लागले.

इतर दिवशी शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. सामान्य काळात पहिले वाचन मात्र सम आणि विषम सनांप्रमाणे बदलते. या वाचनाला उत्तर म्हणून स्तोत्र येते आणि शेवटी शुभवर्तमान.

प्रोटेस्टंट घरांत

येथे एकच सक्तीचा क्रम नाही. बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणणाऱ्या या घरांत बहुधा एखादे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचतात, किंवा छापील दैनिक मननाची पुस्तिका घेतात. प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले की वर्षात बायबल पूर्ण होते. जर्मनीतील हेर्नहुटच्या मोराव्हियन मंडळीने १७३१ पासून प्रत्येक दिवसासाठी चिठ्ठी टाकून वचन निवडण्याची प्रथा छापील रूपात चालवली आहे.

यवतमाळ जिल्ह्याचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे. फ्री मेथडिस्ट मिशनचे काम येथे होते, आणि १९५३ मध्ये यवतमाळ शहरात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ती १९८३ मध्ये पुण्याला हलली. कॅथलिकांसाठी हा जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो.

दोन्ही घरांनी एकत्र वाचायचे ठरवले, तर एक अडचण हमखास येते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रोटेस्टंटमध्ये ६६. एखाद्या दिवशी पहिले वाचन तोबीतच्या पुस्तकातून असले, तर ते शेजाऱ्याच्या बायबलमध्ये सापडणारच नाही. छपाईची चूक समजून पाने उलटत बसू नये.

वाचून झाल्यावर

बाराव्या शतकातील गिगो दुसरा या कार्थुशियन मठाधिपतीने चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन. त्याने उपमा दिली ती खाण्याची. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने चव लागते आणि चिंतन म्हणजे प्रत्यक्ष गोडी. आपल्याकडे 'रवंथ' हा शब्द आहे, तो या मननाला अगदी चपखल बसतो.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीच्या अखेरीस, सामान्य काळाच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी मार्क ४:१–२० येते : पेरणाऱ्याचा दाखला. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या मातीत. तिफणीने पेरणाऱ्या किंवा कपाशीची टोबणी करणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडेल, की हा गडी बी वाटेवर का फेकतो? प्रश्न बरोबर आहे, आणि मननाची सुरुवात तिथूनच करावी. हाताने फेकून केलेल्या पेरणीत बी इकडेतिकडे जाणारच. पण दाखल्यातला पेरणारा हात आखडता घेत नाही, हेही दिसते.

येशूने अर्थ लगेच पुढे सांगितला आहे (ओव्या १३ ते २०). बी म्हणजे वचन, जमीन म्हणजे ऐकणारा. म्हणून दुबार पेरणी करावी लागलेल्या शेतकऱ्याला हा उतारा ऐकवून त्याच्या श्रद्धेत खोट काढणे, हा उताऱ्याचा उघड गैरवापर आहे. पाऊस लांबला याचा जाब येथे कुणालाच विचारलेला नाही. एखादे वचन सुटे उचलून त्याचा शकुनासारखा उपयोग करण्याची खोड मोडायची, तर मागचे-पुढचे दहा-बारा ओव्यांचे वाचन पुरते.

मराठी शब्द

मराठीत हे वाचन ओवीच्या चालीवरही झाले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. त्यात जवळपास ११ हजार ओव्या आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे केले. ना. वा. टिळकांच्या रचना 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही मराठी मंडळ्यांत गायल्या जातात. अलीकडचे 'सुबोध बायबल' फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्कपासून करावी. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे, १६ अध्यायांचे आहे. रोज एक अध्याय मोठ्याने वाचला, तर सोळा दिवसांत पूर्ण होते.