वाचकांचा कौल आणि वाचकांचा विवेक

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथ कसा लिहिला गेला याची चर्चा पुष्कळ होते. तो लोकांनी कसा वाचला, याची नोंद मात्र क्वचितच केली जाते. वाचकांची मते पत्रांत, गप्पांत आणि वादांत विखुरलेली असतात. ती वेचून घेणे इतिहासकाराला कठीण जाते. याशिवाय सामान्य वाचकाला आवडनिवड असते, पण विवेक नसतो, अशी आम्हा शिक्षकमंडळींची एक जुनी समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यासाठी मी येथे एक परदेशी उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे ‘वॉचमेन’ ही चित्रकादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली एक दीर्घ कथा. तिचे नायक मुखवटे घालून न्याय करू पाहणारे वीर आहेत आणि तिचा आरंभ एका खुनाने होतो.

अमेरिकेत चित्रकथांविषयी पहिला मोठा वाद माजला, तो वाचकांनी घातलेला नसून वाचकांविषयी घातला गेलेला होता. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचा ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ हा ग्रंथ निघाला. गुन्ह्यांच्या चित्रकथा मुलांना बिघडवतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी सेनेटच्या एका उपसमितीने न्यूयॉर्क येथे साक्षी घेतल्या, आणि वर्ष संपण्यापूर्वी प्रकाशकांनी आपण होऊन एक नियमावली स्वीकारली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटू नये, प्रत्येक कथेत सत्पक्षाचाच जय व्हावा, अशी तिची कलमे होती. वर्थमने आपल्या ग्रंथात मुलांचे उद्गार पुरावा म्हणून दिले होते. परंतु कॅरोल टिली या संशोधिकेने त्याची मूळ टिपणे तपासून २०१२ साली असे दाखवून दिले की, त्याने ते उद्गार अनेक ठिकाणी बदलले होते व सोयीप्रमाणे जोडले होते. ज्यांच्या हितासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या मुलांचे म्हणणे काय होते, हे कोणी नीट ऐकूनच घेतले नाही.

पुढे वाचकांना थोडी जागा मिळाली, ती अंकाच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या पत्रांत. १९६०च्या सुमारास ज्यूलियस श्वार्ट्झ या संपादकाने पत्रांखाली लिहिणारांचे संपूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. गोष्ट क्षुल्लक, पण तिचा परिणाम मोठा झाला. दूरदूरचे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, आणि १९६१ साली जेरी बेल्स या वाचकाने ‘ऑल्टर एगो’ हे नियतकालिक स्वतः काढले. वाचक आता संपादकाशीच नव्हे, तर आपापसांतही बोलू लागले.

या पार्श्वभूमीवर १९८६-८७ साली ‘वॉचमेन’ बारा अंकांत प्रसिद्ध झाली. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स आणि रंगकार जॉन हिगिन्स हे तिघेही इंग्लंडचे. प्रकाशनसंस्था न्यूयॉर्कची डी.सी. कॉमिक्स. गंमत अशी की, या अंकांना वाचकांच्या पत्रांचे पानच नव्हते. पहिल्या अंकांच्या वेळी छापण्यास पत्रे आलेली असणे शक्य नव्हते, म्हणून ती पाने कथेतील पात्रांच्या आत्मचरित्रांनी व कागदपत्रांनी भरण्यात आली. ती रचना इतकी शोभली की, पत्रे पुढेही छापली गेली नाहीत. ज्या पुस्तकात वाचकाला बोलण्यास एक ओळही मिळाली नाही, त्याविषयी वाचक आज जवळजवळ चाळीस वर्षे बोलत आहेत.

वादाचे मूळ कथेतच आहे. १९८५ साली न्यूयॉर्क येथे एडवर्ड ब्लेक या जुन्या वीराचा खून होतो, आणि रोर्शाक नावाचा मुखवटाधारी त्याचा तपास करू लागतो. अखेरीस खुनी सापडतो, तोही एक जुना वीर. एड्रियन वाइट हे त्याचे नाव. अमेरिका व रशिया यांचे अणुयुद्ध टळावे म्हणून त्याने परग्रहावरून हल्ला झाल्याचा देखावा उभा करून न्यूयॉर्कमधील लक्षावधी माणसे मारलेली असतात. युद्ध खरोखरच टळते. इतर वीर शांततेसाठी मौन पत्करतात. एकटा रोर्शाक ते नाकारतो आणि प्राणास मुकतो.

या शेवटावर पहिला आक्षेप घेतला तो पहिल्या वाचकाने, म्हणजे संपादक लेन वीन यांनी. ही कल्पना १९६३ सालच्या एका दूरचित्रवाणी कथेत येऊन गेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मूर यांनी शेवट बदलला नाही. शेवटच्या अंकात त्या कथेचा उल्लेख मात्र केला. २००९ सालच्या चित्रपटाने हा शेवट बदलला, तेव्हा मूळ कथेच्या वाचकांतच दोन तट पडले.

याहून लक्षणीय मतभेद रोर्शाकविषयी आहे. लेखकाने त्याला एकाकी, निर्दय, दुसऱ्याची बाजू पाहू न शकणारा असा रंगविला आहे. तरीही असंख्य वाचकांना तोच खरा नायक वाटला. याचे मूर यांना आश्चर्य वाटले, खेदही झाला. तसे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. मग हे वाचक चुकले काय? मला तसे वाटत नाही. त्याचा क्रूरपणा नाकबूल करणारे वाचक थोडे. पण लक्षावधींच्या हत्येपुढे सर्व शहाणे गप्प बसले असता खरे बोलण्यासाठी एकट्यानेच मरण पत्करले, ही गोष्ट पुष्कळांना विसरता येत नाही. हे मत लेखकाच्या हेतूविरुद्ध असेल, परंतु त्याला पुस्तकातच आधार आहे.

मत आणि मतदान यांतील भेद लगेच पुढल्या वर्षी दिसून आला. १९८८ साली ‘बॅटमॅन’च्या कथेत जेसन टॉड या त्याच्या तरुण साथीदाराने जगावे की मरावे, हे वाचकांनी दूरध्वनीवरून ठरवावयाचे होते. प्रत्येक वेळी पन्नास सेंट आकार. मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली; ७२ मतांनी तो मुलगा मेला. आपल्याकडे देवळात कौल लावतात, तेव्हा निदान देवापुढे गाऱ्हाणे तरी घालतात. येथे कारण सांगण्याची सोयच नव्हती, आणि एकाच माणसाने कितीही वेळा मत द्यावे, त्यालाही आडकाठी नव्हती. एवढ्यावरून वाचकांना निष्ठुर ठरविणे मला न्याय्य वाटत नाही. केवळ ‘होय’ की ‘नाही’ विचारले, तर उत्तरही तेवढेच येणार.

‘वॉचमेन’ला १९८८ साली ह्यूगो पारितोषिक मिळाले, आणि २००५ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने १९२३ नंतरच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांत तिची गणना केली. पण पंडितांची मान्यता मागाहून आली; पुस्तक जिवंत ठेवले ते भांडणाऱ्या वाचकांनी.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट आठवते. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचताना मी पकडला गेलो. एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने महाराष्ट्राच्या आत-बाहेर कितीतरी मुलांना मराठी वाचनाची गोडी लावली. पण मास्तरांनी पुस्तक जप्त केले, आणि त्यात काय वाचलेस, असे काही विचारले नाही. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर मीही कित्येक दप्तरांतून पुस्तके काढून घेतली, आणि मीही विचारले नाही. ‘वॉचमेन’ शाळकरी मुलांच्या हाती द्यावी, असे मी म्हणणार नाही. ती प्रौढांसाठीच आहे. परंतु मूल काय वाचते यावर लक्ष ठेवताना, त्या वाचनातून त्याने काय घेतले हे ऐकून घेणे आमचेच काम होते. सीमाभागात व परमुलखात मराठी वाचक टिकावा म्हणून आपण चिंता करतो. त्या वाचकाचे मत विचारण्याचा प्रसंग मात्र आपल्या शाळांत फारसा येत नाही.

मरणाला सामोरे जाण्यापूर्वी रोर्शाकने आपली रोजनिशी एका वृत्तपत्राकडे धाडलेली असते. अखेरच्या चौकटीत त्या कचेरीतला एक बावळट पोरगा कागदांच्या ढिगाकडे हात नेतो. ती वही तो उचलील काय, उचलली तर जग मोडेल काय, हे लेखक सांगत नाही. साऱ्या जगाचा निर्णय त्याने एका सामान्य वाचकाच्या हाती सोपविला आहे. एवढा विश्वास आम्ही मुख्याध्यापकांनी आमच्या विद्यार्थ्यांवर क्वचितच दाखविला असेल.