पोलीस जीप

पोलीस जीप : उंच बॉनेट, आडवी पाडता येणारी पुढची काच, कापडी टप आणि मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली पोलीस खात्याची जुनी चारचाकी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत अमेरिकी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेले सीजे-३बी मॉडेल अनेक दशके ठाण्यांच्या अंगणात उभे असे. आतले हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. चारही चाकांना जोर मिळत असल्याने गाडी पुळणीतून, चिखलातून निघे. रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला हा गुण मोलाचा. खारी हवा मात्र तिच्या पत्र्याची वैरीण.

हिला ओळख दिली सिनेमाने. ‘जंजीर’ने (१९७३) इन्स्पेक्टरला संतप्त नायक केले. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगवला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. मराठीत महेश कोठारे यांचा इन्स्पेक्टर महेश जाधव पोरासोरांचा लाडका. या साऱ्यांत खात्याचे खरे अंतरंग दाखवले ते ‘अर्धसत्य’ने (१९८३): कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची.



पडद्यावरची जीप गुन्हेगाराला गाठतेच. रायगडच्या किनाऱ्यावर एकदा तसे घडले नाही. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला चोरटा माल पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला आणि लाच घेऊन सोडला. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स हे स्फोटक उतरले. ते वापरलेल्या १२ मार्चच्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे गेली. संबंधित पोलिसांना पुढे शिक्षा झाली. अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट या स्फोटांच्या कटावरच आहे.

आता ही गाडी दुर्मीळ झाली आहे. काही विशेष वाहने वगळता १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रात जातात. ‘व्हिंटेज’ दर्जासाठी मात्र २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि तोही खासगी वाहनालाच. म्हणजे खात्याची जीप त्या दर्जापर्यंत पोचणारच नाही. जिथे कुठे एखादी शिल्लक असेल, तिथल्या जिल्हा पोलीस मुख्यालयाने ती भंगारात न घालता दर्शनी जागी जपावी.